चुकीच्या खणातली काच

कानाशी ‘टूं’ वाजलं आणि सायराच्या हातातली चष्म्याची काच फरशीवर फुटली.

“घाबरलात?” संगणकामागून एक अनोळखी तरुण डोकावला.

“छे! काचा फोडायचाच पगार मिळतो मला. तुमचा हा संगणकाचा पडदा घडोघडी ‘टूं’ करून विचारतो, आता काय करणार? मला कुठं ठाऊक असतं? हात करतो!”

त्याचं नाव माज. पनवेलच्या त्या चष्म्याच्या कारखान्यात नवी यंत्रणा बसवायला आलेला. हसला नाही. स्टूल ओढून तिचे हात बघत बसला. मग पडदा काढून, नंबराप्रमाणे ज्या खणात काच ठेवायची, त्यावर इवलासा दिवा लावला.

“रोजच्या कामात माणूस बेत करून हात हलवत नाही. समोर दिसतं, तसं करतो. म्हणून विचारायचं नाही... नुसतं दाखवायचं.”

“आणि एकटक बघायचं?”

“तो... कामाचाच भाग.” त्याचे कान लाल झाले.

दिवे झकास चालले. आता तो जाणार, या विचारानं सायराला घास गोड लागेना. मग तिच्याच बाकावर रोज एक काच चुकीच्या खणात जाऊ लागली. तपासणीत सापडे, आणि उलव्याहून स्कूटर हाणत माज दुरुस्तीला येई. ती चहा पुढे करी. तो चहा संपवायला फार वेळ लावी.

एके दिवशी मालक धर्मराजशेठ कडाडले, “उपटा ते दिवे! या पोराला पनवेलात कोण काम देतो, बघतोच!”

सायरा ताडकन उठली. आपल्या खेळापायी त्याच्या पोटावर पाय!

“शेठ, दिवा चुकत नाही. मी चुकवते... मुद्दाम.”

शेठनी आ वासला. “का गं बाई?”

तिनं माजकडे चोरून पाहिलं.

“मला माहीत होतं,” माज हळूच म्हणाला.

“या अल्ला! कधीपासून?”

“पहिल्याच दिवसापासून. सवयीचा हात थांबत नाही. तुमचा मात्र चुकण्याआधी थबकायचा, यंत्राच्या नोंदीत दिसायचं.”

“मग रोज दुरुस्त काय करत होतात?”

“तारा सोडायच्या... पुन्हा जोडायच्या.”

शेठ मटकन स्टुलावर बसले. “म्हणजे दोघांनी मिळून मला उल्लू बनवलं!”

“दिवे राहू द्या, शेठ. मी दुरुस्तीला येणार नाही आता.” माज सायराकडे वळला. “रविवारी अम्मीला घेऊन तुमच्या घरी येईन म्हणतो... हरकत नसेल तर.”

“आहे हरकत!”

माजचा चेहरा खर्रकन उतरला.

“रविवारपर्यंत अब्बा कुवेतला पोचलेले असतील,” सायरा म्हणाली. “आज संध्याकाळीच या!”