वाढत्या अंगाची सॅक

शलाकाचा धाकटा भाऊ निषाद दीड वर्षांचा होता आणि त्याचे वजन होते अकरा किलो. त्याला कडेवर घेऊन ती सगळ्या गल्लीभर हिंडायची. कुत्रा दाखव, कबुतर दाखव, टाकीवर उतरणारा ड्रोन दाखव, तासभर तरी सहज. मग पाच किलोची सॅक पाठीवर घेतली की अर्ध्या तासात तिचे खांदे का भरून यायचे? अकरा किलो हलके आणि पाच किलो जड, हे कुठले गणित?

ही नुसती गंमत राहिली नव्हती. सन २०६८च्या त्या डिसेंबरात सोनखडीच्या शाळेची मुले शनिवार-रविवार डोंगरमाथ्यावर तंबू ठोकून राहणार होती. आपले सामान आपणच न्यायचे आणि त्याआधी भरलेली सॅक घेऊन शाळेमागची टेकडी चढून दाखवायची, असा नियम होता. बुधवारी शलाका अर्ध्या वाटेवरच्या पांढऱ्या खडकावर जी बसली, ती उठलीच नाही.

खोब्रागडेबाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "शुक्रवारी चार वाजता पुन्हा बघू हं. नाहीच जमलं तर पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर गाडीने पायथ्याला ये. तिथेही मजा असते."

शलाका सहावीत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शुक्रवारी दुपारी ती सॅक ओढत वस्तूघरात पोहोचली. वस्तूघर म्हणजे एक प्रकारचे वाचनालयच. फक्त तिथून पुस्तकांऐवजी तंबू, दुर्बिणी, शिड्या घरी न्यायच्या आणि काम झाले की परत करायच्या. तिथला यंत्रमानव (माणसासारखी कामे करणारे यंत्र) पूर्वी हिमालयात गिर्यारोहकांचे सामान वाहायचा. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा त्याला हे बैठे काम मिळाले. त्याला नाव नव्हते, लांबलचक क्रमांक होता. मुले त्याला ओझेकाका म्हणत.

"काका, तुमच्याकडची सगळ्यात छोटी सॅक द्या," शलाका म्हणाली. "माझ्यात ताकदच नाहीये."

"कोण म्हणतं?"

"कोणी नाही. मलाच कळतंय."

ओझेकाका कुरकुरत उठला. सॅकभोवती त्याने एक चक्कर मारली. "ही कोणी निवडली?"

"बाबांनी. वाढत्या अंगाची घेतली, म्हणजे कॉलेजपर्यंत बघायला नको."

"आणि भरली कशी?"

"आई बाजाराची पिशवी भरते तशी. बटाटे तळाला, कोथिंबीर वर. म्हणून भांडी तळाला आणि कपडे वर. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या खिशात."

"अस्सं," म्हणत ओझेकाकाने तिला एक पातळ बंडी घालायला दिली. ही दाबबंडी. तिच्यात शेकडो संवेदक (दाब, उष्णता अशा गोष्टी टिपणारे बारीक भाग) विणलेले होते. दाब कमी असेल तिथे कापड निळे दिसायचे, जास्त असेल तिथे लाल. शलाकाने सॅक चढवली आणि आरशात पाहिले. दोन्ही खांदे लालभडक! कंबर मात्र निळीशार.

"आता सांग, सॅकचा कमरपट्टा कुठे आलाय?"

शलाकाने खाली पाहिले. "मांड्यांवर."

"म्हणजे तो नुसता लोंबतोय. पाचच्या पाच किलो बिचाऱ्या खांद्यांच्या माथी. तिथली हाडं बारीक आणि वरचे स्नायू (हाडं हलवणारे मांसाचे पट्टे) लवकर थकणारे. आता सांग, निषादला तू कुठे घेतेस?"

शलाकाचा हात आपोआप कमरेच्या हाडावर गेला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काका! सॅकसुद्धा कडेवरच घ्यायची?"

"अगदी बरोबर. कमरेचं हाड रुंद आणि भक्कम. त्याच्या खाली थेट पाय. तिथे ठेवलेलं वजन हाडांमधून सरळ जमिनीत उतरतं. खांद्यांनी सॅकला फक्त धरून ठेवायचं, मागे पडू द्यायचं नाही."

मग त्याने तिला मान खाली घालायला सांगितली. मानेच्या मुळाशी जो मणका टोचतो, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत फीत धरली. अडतीस सेंटिमीटर. "सॅक निवडायची ती या मापावर. उंचीवर नाही आणि खिशांवर तर मुळीच नाही."

ओझेकाकाने फळीवरून एक हिरवी सॅक काढली. चाळीस लिटरची, एका रात्रीच्या मुक्कामाला भरपूर. तिचे पट्टे पाठीवर खाली-वर सरकवता येत होते. "वाढत्या अंगाचीच आहे," तो म्हणाला. "पण आधी तुझ्या मापाची. तू वाढलीस की मग हिला वाढवायचं."

आता सामान भरायचे होते. शलाका भांडी तळाला टाकणार, तोच ओझेकाकाने तिच्या हातात पाण्याची भरलेली बाटली दिली. "छातीशी धर. जड आहे?"

"छे!"

"आता हात सरळ पुढे कर."

दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरायला लागला. बाटली तीच होती.

"प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य असतो (जिथे तिचं सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं ती जागा). तो अंगापासून लांब गेला की ओढ वाढते. तू जड सामान तळाला आणि बाहेरच्या खिशात भरलंस. त्यामुळे सॅक तुला मागे ओढत होती आणि पडू नये म्हणून तू पुढे वाकत होतीस. चालण्यापेक्षा वाकण्यातच तू दमलीस. बाजाराच्या पिशवीत कोथिंबीर चुरगळू नये एवढंच बघायचं असतं. इथे पाठ सांभाळायची आहे."

मग तळाला झोपायची पिशवी गेली. भांडी आणि पाणी मधोमध, पाठीला चिकटून. कपडे आजूबाजूला. शलाकाने आधी कमरपट्टा आवळला, मग खांद्याचे पट्टे ओढले. आरशात खांदे फिकट निळे झाले आणि कमरेभोवती नारिंगी पट्टा उमटला.

"काका, तुम्ही हळूच काही काढून तर नाही ना घेतलंत?"

ओझेकाकाने सॅक काट्यावर ठेवली. पाच किलो, तेवढेच.

चार वाजता ती टेकडी चढायला लागली. खोब्रागडेबाई मागून येत होत्या. शलाका पावले टाकत राहिली आणि पांढरा खडक कधी येतो याची धास्तीने वाट पाहत राहिली. खडक काही येईना. शेवटी तिने मागे वळून पाहिले, तर तो कधीच खाली राहिला होता.

माथ्यावर पोहोचल्यावर तिला रडू आले. ते सुटल्याचे रडू होते, दोन दिवस छातीवर बसलेले काहीतरी उतरल्याचे. बाईंनी तिची पाठ थोपटली. "उद्या सकाळी सहाला. उशीर करू नकोस."

संध्याकाळी बाबा मोठी सॅक परत न्यायला तिच्याबरोबर वस्तूघरात आले, तेव्हा ते जरा खट्टू होते. "मी किती हौसेने आणली होती. दुकानात स्वतः घालून पाहिली. अशी छान बसत होती!"

ओझेकाकाने बाबांच्या पाठीला फीत लावली, मग मोठी सॅक त्यांच्या पाठीवर चढवली. कमरपट्टा बरोबर कमरेवर बसला.

"तुमच्याच मापाची आहे," तो म्हणाला.

बाबांनी आरशात पाहिले, शलाकाकडे पाहिले आणि कपाळावर हात मारून हसत सुटले. "पुढच्या शिबिराला मीच येतो मग!"

बाहेर चंद्र वर आला होता. तिथल्या वसाहतीचे बारीक दिवे आता दुर्बिणीतून दिसत. "काका, मी चंद्रावर शिबिराला गेले तर?" शलाकाने विचारले.

"तिथे वजन सहाव्या हिश्शाएवढंच. पाच किलोची सॅक एक किलोपेक्षाही हलकी वाटेल," ओझेकाका म्हणाला आणि त्याने नोंदवहीत तिच्या नावापुढे अडतीस लिहिले. "पण पाठ तुझीच असणार. निघायच्या आधी माप द्यायला ये."