रांगेत कोण नव्हतं?

सर्व्हरच्या डिस्कवरचा हिरवा दिवा मुगाच्या दाण्याएवढा होता, आणि तो लुकलुकत नव्हता.

सर्व्हरबाई वाकून त्याच्याकडे पाहत राहिल्या. रुग्णालयात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. काम अंगावर आलं की हा दिवा थयथयाट करतो. आज किडनीच्या प्रतीक्षायादीचा पडदा प्रत्येक कॉम्प्युटरवर गोठला होता, आणि दिवा मात्र गप्प. म्हणजे सर्व्हर दमला नव्हता. तो कुणाची तरी वाट पाहत होता.

"व्हायरस आहे. रीस्टार्ट मारू?" मागून त्यांचा सहकारी म्हणाला. त्याला सगळे घाईराव म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

"हात लावू नकोस."

"किडनी विमानतळावरून निघालीय!" मोठे डॉक्टर दारातूनच कडाडले. "पहिल्या नंबरच्या बाईंना उपाशी ठेवलंय. दोन लहान पोरं आहेत त्यांना. यादी पक्की नसेल तर मी सुरी उचलू कशी?"

सर्व्हरबाई आपल्या टेबलाशी बसल्या. कोण कुणामुळे अडलंय, हे सर्व्हरला विचारलं की तो सांगतो. पडद्यावर रांग उमटली. लॅब, वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, खुद्द डॉक्टरांचा कॉम्प्युटर. सगळे ताटकळलेले. आणि सगळ्यांची वाट अडवून एकच जोडणी, रेकॉर्ड रूममधल्या कोपऱ्यातल्या मशीनवरून, सामायिक लॉगिनने.

"बिगिन लिहून कुणीतरी बदल केलाय आणि तसाच सोडलाय," बाई म्हणाल्या. "आता कमिट म्हटलं तर तो पक्का होईल, रोलबॅक म्हटलं तर मागे जाईल. दोन्हीपैकी काहीच म्हटलेलं नाही. तोवर सर्व्हर ती ओळ मुठीत धरून बसणार."

"मग तोडा ना ती जोडणी!"

"तोडणारच आहे, किडनी दाराशी यायच्या आत. तोडलं की बदल आपोआप मागे जाईल. पण हे याआधीही कुणी केलं असेल तर? मग आजच्या यादीवर तरी कसा भरवसा ठेवायचा?"

कच्चा बदल वाचायची सोय असते. बाईंनी वाचला. अकराव्या नंबरचा एक तरुण पहिल्या नंबरवर आला होता.

आडनाव कुणाच्याच ओळखीचं नव्हतं.

सामायिक लॉगिनचा पासवर्ड बाईंखेरीज तिघांकडे होता. घाईराव, डॉक्टर आणि यादी सांभाळणाऱ्या समन्वयक ताई. ताईंना बोलावणं गेलं. त्या आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"काय ताई, आज भावाला पोहोचवायला गेला नाहीत?" घाईरावने विचारलं. "एक दिवसाआडचा दौरा असतो ना तुमचा?"

"आज त्याची पाळी नाही."

"गप्पा पुरे," डॉक्टर घाईरावकडे बोट दाखवून म्हणाले. "हाच असणार. मागे यानंच रुग्णांच्या आहाराच्या नोंदींचं अख्खं टेबल उडवलं होतं."

"उडवलं ना? एका फटक्यात उडवलं! असं लोंबकळत नाही ठेवलं!"

"डॉक्टर, तुम्ही सर्व्हरवर थेट कधी लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"मला माऊसचं उजवं बटण कशाला असतं तेही माहीत नाही."

"ताई, तुम्ही?"

"तुम्ही शिकवलंत तेवढंच. चुकीचा रक्तगट वगैरे दुरुस्त करण्यापुरतं."

"आज सकाळी यादी उघडली?"

"उघडत नव्हती ना."

बाईंनी पुन्हा रांगेकडे पाहिलं. मग खुर्ची वळवली.

"घाईराव बिगिन लिहीत नाही. टेबल गेलं, तरी त्याची खोड गेली नाही. डॉक्टरांचं मशीन रांगेत ताटकळलंय. ज्यानं दार लावलंय तो स्वतः बाहेरून ठोठावत बसत नाही. ताई, तुम्ही रोज चहाच्या आधी यादी उघडता. आज सगळ्यांनी दार ठोठावलं. रांगेत तुमचं मशीन तेवढं नाही. आत काय आहे हे तुम्हाला माहीत होतं."

बाईंनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"आणि बदलाआधी बिगिन लिहायची सवय इथे मी एकाच माणसाला लावली. घाबरू नका, कमिट म्हणेपर्यंत सगळं परत घेता येतं, असं सांगून. तुमचं आडनाव सासरचं, ताई. माहेरचं या पडद्यावर असणार. माणूस एक दिवसाआड कुठे जातो? डायलिसिसला."

ताईंचा आवाज कोरडा होता. "पहिल्यांदाच केलं हो. देवाशपथ. किडनी येतेय कळलं आणि हात गेला. मग त्या बाईंची पोरं आठवली. कमिट लिहवेना. मागेही घेववेना. उठून गेले."

"याची चौकशी होणार," डॉक्टर म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"जुन्या नोंदी मी तपासतेच. खरं काय ते दिसेल," बाई म्हणाल्या. त्यांनी रेकॉर्ड रूमकडे हात केला. "मी तोडू, की तुम्ही मागे घ्याल?"

ताई चालत गेल्या. मागोमाग सगळे. कोपऱ्यातल्या मशीनवर त्यांनी एक शब्द टाइप केला आणि बटण दाबलं.

शेजारच्या टेबलावरचा पडदा हलला. यादी उमटली. पहिल्या नंबरवर दोन पोरांची आई. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "चालू झालं!" घाईराव दिवा बघायला धावला. "लुकलुकतोय हो!"

डॉक्टर निघाले. ताईंनी त्यांची वाट अडवली.

"बाहेर गुपचूप तपासणी केली होती मी. माझी किडनी जुळते त्याला. कळल्यापासून भीतीनं तोंड शिवून बसलेय, यादीतून मिळेल म्हणून." त्यांनी श्वास घेतला. "त्याचं नाव यादीतून काढा, डॉक्टर. माझ्या भावाला मी देते."