आईच्या खोलीचं धुराडं

हिवाळा सुरू व्हायच्या आधी वर्षातून एकदा धुराडी साफ करून घ्यायची, हा आमच्याकडचा शिरस्ताच आहे. सप्टेंबर संपत आला की व्हिल्मोश मिस्त्री गावात येतो. अंगात काळा डगला, त्यावर पिवळ्या बटणांच्या रांगा, खांद्यावर दोरीचं वेटोळं, दोरीच्या टोकाला लोखंडी गोळा नि तारेचा ब्रश. तो दिसला की माणसं आधी आपल्या कोटाचं बटण चिमटीत धरतात. बटण धरून जे मागाल ते मिळतं, असं म्हणतात. मी लहानपणापासून धरत आले. कधी काही मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी तो यायच्या दिवशीच मी मुद्दाम शहरातून बस धरून माहेरी गेले. खरं सांगते, मला माझ्या भावजयीला चारचौघांत उघडं पाडायचं होतं.

आई फेब्रुवारीत गेली. छातीत कफ भरला आणि गेली. माझी भावजय पिरोश्का ज्याला त्याला सांगत होती, की सासूबाईंच्या खोलीतली उबेची भट्टी मी हिवाळाभर विझू दिली नाही. माझा काडीचा विश्वास नव्हता. पिरोश्काचा हात भारी आखडता. एका दिव्याच्या उजेडात दोन खोल्यांची कामं उरकणारी बाई. माझा भाऊ देझो ट्रक चालवतो, घरी असतो कधी नि नसतो कधी. आईला फोनवर विचारावं, तर तिचं एकच उत्तर, "ऊब आहे गं. छान ऊब आहे." आई होतीच तशी. घरातलं उणं तिने कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. बाबा पिऊन पडायचे, तेव्हा शेजारी सांगायची, "ह्यांना पित्ताचा फार त्रास."

पण धुराडं कुणाची भीड धरत नाही. हिवाळाभर लाकडं जळली असतील तर काजळी निघेल, नसतील तर निघणार नाही. आणि एवढं पाहायला साक्षीदार हवा, म्हणून मी शेजारच्या रोझीमावशीला "चल गं, पाय मोकळे कर" म्हणून सोबत घेतलं. रोझीमावशीच्या कानावर गोष्ट गेली, की चर्चची घंटा वाजवायची गरज उरत नाही.

अंगणात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. डोंगरावरून धुकं उतरत होतं, ओल्या पाल्याचा वास सुटला होता. पिरोश्काने आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"वन्सं... कळवलं नाहीत?"

"माहेरी यायला कळवावं लागतं होय?"

तेवढ्यात व्हिल्मोश मिस्त्री फाटकातून आत आला. आम्ही तिघींनी बटणं धरली. मी मनातल्या मनात म्हटलं, आईच्या खोलीत जे झालं, ते ह्या धुराड्यातून बाहेर पडू दे. पिरोश्काचेही ओठ हलत होते. तिने बटण इतकं घट्ट धरलं होतं, की बोटाची पेरं पांढरी पडली होती. मला मनातून आनंद झाला. किती आनंद झाला, ते आज आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

"फडकी अंथरलीत ना?" मिस्त्रीने विचारलं. "नाहीतर मागाहून मला शिव्या घालाल." आणि तो शिडीवरून छपरावर गेला.

आमच्या छपरावर दोन धुराडी, एक स्वयंपाकघराचं आणि एक आईच्या खोलीचं. वरचा माणूस हाक मारतो, मग खालच्या माणसाने त्या खोलीत जाऊन धुराड्याच्या तळाचं लोखंडी दार ठोकायचं. ठोका ऐकून त्याला कळतं, गोळा कुठल्या धुराड्यात सोडायचा ते. पहिल्या हाकेला पिरोश्का स्वयंपाकघरात जाऊन ठोकून आली. ते धुराडं साफ झालं.

"आता दुसरं!" वरून हाक आली. "ठोका!"

पिरोश्का जागची हलली नाही. आईच्या खोलीची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती. तिने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

"जा की," मी म्हटलं. "हिवाळाभर जात होतीस ना?"

"वन्सं, नका ना..."

आणि आईच्या कुलूपबंद खोलीतून ठोका ऐकू आला.

हळू. अशक्त माणसाने पोकळ मुठीने ठोकावं तसा. थोडं थांबून पुन्हा एक.

"कळलं!" वरून मिस्त्री म्हणाला, आणि गोळा घरंगळल्याचा आवाज भिंतीतून खाली उतरत गेला.

"देझो घरी आहे वाटतं?" रोझीमावशीने विचारलं.

देझो सीमेपलीकडे होता. पिरोश्काने किल्ली बाहेर काढली.

मिस्त्री खाली आल्यावर खोली उघडली. आत आईचा पलंग, चादर ताणून घातलेली. कोपऱ्यात हिरव्या फरश्यांची उंच भट्टी. फेब्रुवारीपासून बंद असलेल्या खोलीत ओल यायला हवी होती. तिथे करपलेल्या लोकरीचा वास येत होता. मिस्त्रीने फडक्यावर गुडघे टेकून तळाचं लोखंडी दार उघडलं, आणि काजळी भसकन बाहेर आली. त्याने बादली भरली, अंगणात रिकामी केली, पुन्हा भरली. तरी येतच होती.

"चांगलीच पेटवलीय की," तो म्हणाला. "पण बाई, कपडेबिपडे जाळू नका हिच्यात. काजळीनं पेट घेतला तर घर जाईल."

रोझीमावशी माझ्याकडे वळली. "काय गं एतेल्का? बसमधून उतरल्यापासून काय काय बोललीस तिच्याबद्दल! माग माफी."

मी मागितली. मिस्त्रीसमोर, मावशीसमोर, मान खाली घालून, "चुकले, पिरोश्का." वाटलं, निदान हिच्या तोंडावर आता विजयाचं हसू दिसेल. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. ती आईच्या पलंगाच्या कडेला मटकन बसली होती आणि त्या काळ्या ढिगाकडे बघत होती.

मिस्त्रीने राख चाळली, काहीतरी डगल्याला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "ही तुमची असतील. पितळी आहेत, म्हणून टिकली."

बटणं होती. रेल्वेची, चाकाची खूण असलेली. बाबा गेल्यावर आईने त्यांच्या गणवेशाची बटणं काढून आपल्या काळ्या कोटाला लावून घेतली होती. गळ्याजवळचं एक हरवलं, तेव्हा तिथे मी माझ्या शाळेच्या कोटाचं, जहाजाच्या नांगराची खूण असलेलं बटण शिवलं होतं. तेही होतं, वेगळं ओळखू येणारं.

तो कोट आईच्या अंगात होता. शवपेटीत. जमीन गोठलेली आहे, तिला गार लागेल, म्हणून मी स्वतः तो तिला घातला होता आणि ते नांगराचं बटण गळ्यापर्यंत लावलं होतं. त्यानंतर झाकण बसलं, ते माझ्या डोळ्यांदेखत.

मिस्त्री आणि मावशी गेल्यावर मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"मी एकदाही पेटवली नाही, वन्सं," पिरोश्का म्हणाली. "लाकडं संपतील म्हणून... स्वयंपाकघरात येऊन शेकून घ्या, असं मीच म्हणायचे. त्यांना उठवत नव्हतं..." तिने पदराने पुसावं तसं एप्रनने तोंड पुसलं, ते काळं झालं. "आज बटण धरून एवढंच मागितलं, की काजळी निघू दे. लोकांसमोर लाज राहू दे."

आणि लाज राहिली होती. आईनेच राखली होती. माझी मुलगी साक्षीदार घेऊन येतेय, सुनेची अब्रू जाईल, म्हणून जवळ जे एकच होतं ते तिने जाळलं. मी काय मागितलं होतं? खोलीत झालं ते बाहेर पडू दे. तेही पडलं, माझ्या तळहातावर. आईची आठवण काढून रडायला मी आले नव्हते, तमाशा बघायला आले होते. आणि त्या तमाशापायी आई आता त्या मातीत कोटाशिवाय पडली होती.

मी भट्टीच्या फरशीला हात लावला. कोमट होती.

त्या संध्याकाळी माझ्या अंगातला कोट मी काढला, आणि आम्ही दोघींनी दफनभूमीत जाऊन तो त्या पितळी बटणांसकट आईच्या उशाशी पुरला. शहरात मी परत गेले ती फक्त सामान आणायला. ऑक्टोबरपासून वसंत येईपर्यंत आईच्या खोलीतली भट्टी आम्ही आळीपाळीने पेटती ठेवली. लाकडासाठी पिरोश्काने आपलं शिलाई मशीन विकलं, तोंडातून ब्र काढला नाही. पण एक गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नाही. आत जाळ धडधडायचा आणि फरश्या गारच राहायच्या. श्वास सोडला तर खोलीत वाफ दिसायची. राख काढायला दार उघडावं, तर आत राख नसायची. ती ऊब कुणाकडे जात होती, ते आम्ही दोघी जाणून होतो.

यंदा मिस्त्री आला तेव्हा रोझीमावशी कुंपणापाशी उभीच होती. त्याने आरसा धरून धुराड्यात पाहिलं, बोट फिरवलं, बोट स्वच्छ.

"बाई, ही भट्टी वर्षभर पेटलेली नाही."

"म्हणजे?" मावशी आत आली. "म्हातारी गेली म्हणून खोलीला कुलूप? आणि आम्हाला सांगता, रोज पेटवतो! अगं, मेलेल्या माणसाच्या नावाने तरी खोटं बोलू नये!"

पिरोश्काने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"नाही पेटवली," मी म्हणाले. कानशिलं तापली होती, डोळे वर होत नव्हते. पण ही लाज आमचीच होती, एक वर्ष उशिरा आलेली. ह्या वेळी ती आईवर टाकायची नव्हती. बटणाकडे मी हातही नेला नव्हता.

मिस्त्री दोरी गुंडाळत होता. एकाएकी वैतागून त्याने मान वळवली. "कळलं हो, कळलं! झालं काम. आता ठोकणं थांबवायला सांगा त्यांना."

आम्ही चौघंही तिथेच उभे होतो, भट्टीसमोर. मावशीने बटण धरलं.

लोखंडी दार आतून वाजत होतं. हळू, थांबून थांबून.

मी लाकडं आणायला गेले.