उजव्या चाकाचा आवाज

विहंगची मुंज झाली ते वर्ष २०१८. माघ महिना होता. देवासच्या कार्यालयात दुसरी पंगत बसली होती आणि विहंगचे आजोबा चिंतामणराव टोकेकर श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढत होते. तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात धुवट सदरा, पायांवर धूळ.

चिंतामणरावांनी त्याला लगेच ओळखलं. धारच्या मानाजीराव जगदाळ्यांचा ड्रायव्हर, रघुजी. अडतीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाकडे धारचा ड्रायव्हर असा धावत येतो, म्हणजे गाडीचंच काम. चिंतामणरावांनी पातेलं खाली ठेवलं, हात पुसले, छाती जरा पुढे काढली.

"राम राम भिया," रघुजी म्हणाला. "इरावतीबाई कुठे आहेत?"

छाती परत जागेवर आली.

इरावतीबाई म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची विधवा. आयुष्यभर विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या, आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या चोऱ्या आणि भानगडी शोधून द्यायला लागल्या. हातात कधी पाना धरला नाही, पण देवासपासून सोनकच्छपर्यंत नाव त्यांचंच. चिंतामणराव त्यांची गाडी चालवायचे. लोक म्हणायचे, "बाईंचे दीर." गॅरेजचं नाव कुणाला आठवत नव्हतं.

इरावतीबाईंनी रघुजीला पंगतीत बसवलं, पण त्याने पानाला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं.

मानाजीरावांकडे शहाण्णव सालची फोर-व्हील गाडी होती. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी एकेक चकती. चकती लॉकवर फिरवली की चाक आसाला जोडलं जातं आणि चिखलातून गाडी ओढतं. फ्रीवर फिरवली की चाक मोकळं. ही चकती आणि तिच्या आतले दाते, याला हब म्हणतात. रघुजीने सोमवारी दोन्ही हब उघडून नवं ग्रीस भरलं. मंगळवारी भाचीच्या लग्नाला हाटपिपल्याला गेला. त्याच दिवशी मानाजीराव लेकीकडे, ऋतिकाकडे, इंदूरला गेले. शुक्रवारी दोघं परतले. शनिवारी साहेबांनी गाडी काढली, तर उजवं पुढचं चाक कटकट वाजायला लागलं.

"अमन म्हणून नवा मिस्त्री आहे. त्याने आवाज ऐकला आणि सांगितलं, असली हब काढून नकली घातलीत. साहेबांनी माझ्या हातातून किल्ली घेतली, बाई. साहेबांच्या गाडीची किल्ली चाळीस वर्षं माझ्या खुंटीवर होती. धारमध्ये आता मला चोर म्हणतात."

"शेवटचं वाक्य सोडून द्या," इरावतीबाई म्हणाल्या. "ते खोटं ठरेल. आधी जेवा."

चिंतामणरावांना वाटलं, एकदा तरी ही बाई चुकायला हवी. मग मुंजीच्या दिवशी असला विचार आला म्हणून त्यांना लाज वाटली. पण विचार गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धारला पोचले. रघुजी फाटकाबाहेरच थांबला.

मानाजीराव सत्तरीचे, मिशा पांढऱ्या, बोलणं तोलूनमापून. गाडी अंगणात उभी होती. चिंतामणरावांनी पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, चकती फ्रीवर आहे हे पाहिलं आणि चाक हाताने फिरवलं. कट्, कट्, कट्. आतला आस थांबून होता आणि त्याचे दाते चाकाच्या दात्यांना घासत होते.

"आतली कडी पूर्ण सुटलेली नाही," चिंतामणराव म्हणाले. "बाहेर फ्री दिसतंय, आत अर्धवट अडकलंय. उघडतो."

"उजवं नको. डावं उघडा."

"वाजतंय उजवं, वहिनी. मिस्त्री मी की तुम्ही?"

"तुम्हीच. म्हणून डावं उघडायला सांगते. उजवं शेवटी उघडू, सगळ्यांच्या देखत."

चिंतामणरावांनी दात ओठ खात डावं हब उघडलं. आतल्या लोखंडावर मूळ कंपनीचा शिक्का होता. ग्रीस नवं, पण ताकासारखं पांढरं पडलेलं, आणि त्यात बारीक वाळू.

"पाणी शिरलंय," ते म्हणाले.

"किती पाण्यात गेल्यावर शिरतं?"

"चाक अर्धं बुडायला हवं. पावसाने किंवा धुण्याने नाही शिरत."

इरावतीबाई उजव्या चाकापाशी वाकल्या होत्या. चकतीच्या कडेला समोरासमोर दोन पोचे होते. "हे पकडीचे का?"

"नाही. पकडीला दाते असतात, ते उमटतात. हे गुळगुळीत आहेत. पण चकती बोटांनी फिरते, वहिनी. पकड लागावी कशाला?"

"कधी लागेल?"

"चिखलातून बाहेर आल्यावर आत ताण राहतो. म्हणून गाडी दहा पावलं उलट घ्यायची, की ताण सुटतो आणि चकती लोण्यासारखी फिरते. उलट न घेता जोर केला तर आतली पट्टी वाकेल. पण कुठलाही ड्रायव्हर असं करणार नाही. चार दिवसांचा शिकाऊसुद्धा नाही."

"वा, भावजी," इरावतीबाई हळूच म्हणाल्या. "ड्रायव्हर करणार नाही."

त्यात वा म्हणण्यासारखं काय होतं, ते चिंतामणरावांना कळलं नाही.

मानाजीरावांचा मुलगा यशराज बाहेर आला. पस्तिशीचा, हातात स्वतःच्या नव्या गाडीची किल्ली.

"मंगळवार ते शुक्रवार तुम्ही कुठे होता?" इरावतीबाईंनी विचारलं.

"बाबांना इंदूरला सोडलं आणि त्याच दिवशी परत आलो. पुढे दुकानावर. का, मावशी? त्या डब्याला मी हात लावत नाही. विका म्हणून दहा वेळा सांगितलं. बाबांचा जीव तिच्यात आणि रघुजीकाकांत. माझा नंबर नंतर."

"चिखलात अडकली तर काय कराल?"

"फोर-व्हीलचं बटण दाबीन. कुठेतरी असेल ना बटण? माझ्या गाडीत आहे."

चिंतामणरावांनी वहिनींच्या कानाशी तोंड नेलं. "सोंग करतोय. बापावर जळतो, हे दिसत नाही का?"

"जळतो खरा. तेवढ्याने चकती फिरवता येत नाही."

अमन समोरच्या गॅरेजमधून हात पुसत आला. "दीदी, मैंने तो आवाज सुनके बोला. खोललं नाही मी."

"न उघडता नकली म्हणालास?"

अमन पायाकडे बघू लागला. "जगदाळे साहेबांचं काम नेहमी रघुजीकडे. एक बार तो हमको भी मिले."

"किल्ली कुठे असते?"

"घरात. मला फाटकाच्या आत कोण घेतं?"

आत स्वयंपाकघरात मानाजीरावांच्या पत्नी इंदिराबाई चहा करत होत्या. पासष्टीच्या, ठणठणीत. दाराशेजारच्या खुंटीवर एक लहान किल्ली लोंबत होती.

"ही माझ्या छोट्या गाडीची," त्या म्हणाल्या. "भाजी, देऊळ, सगळं माझं मी चालवत जाते. मोठीची किल्ली आता यांच्या खिशात. रघुजी गावाला गेला होता तेव्हा इथेच टांगून गेला होता."

"मोठ्या गाडीतून फिरलात की नाही कधी?"

"लग्न झाल्यावर पहिली दहा वर्षं, तेव्हाच्या जुन्या जीपमधून. नदी आली की हे ऐटीत बसून, आणि मी पदर खोचून चिखलात! दोन्ही बाजूच्या चकत्या मीच फिरवायची. पलीकडे गेलं की मी नदीवर पाय धुवायला. धुऊन येईपर्यंत हे गाडी नीट लावत बसायचे, मग हाक मारायचे, आता फिरव. मग रघुजी आला. हे चालवतात, आणि तेव्हापासून शेजारची ती जागा त्याची. दर महिन्याला दोघं नदीपलीकडे बाग गावाला जातात. हे म्हणतात, छापलेलं कापड बघायला. घरात चादरींचा डोंगर झालाय, बघा!"

त्या हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. चहाचं पातेलं चांगलंच तापलं होतं. त्यांनी पदराचा बोळा केला, पातेलं उचललं आणि चटका बसून फुंकर घातली. इरावतीबाईंनी ओट्याशेजारच्या खिळ्यांकडे पाहिलं. झारा, पळी, किसणी. एक खिळा रिकामा होता.

चिंतामणरावांनी चहा संपवला. त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि वहिनींच्या तोंडावर ती ओळखीची शांतता आली होती. ती शांतता त्यांना सगळ्यात जास्त बोचायची.

इरावतीबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. रघुजीलाही आत घेतलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"मानाजीराव, आधी चोरीचं. डाव्या हबावर कंपनीचा शिक्का आहे. उजवं आता तुमच्यासमोर उघडू. भावजी, आत शिक्का असेल, आणि आतली पातळ पट्टी वाकलेली असेल."

चिंतामणरावांनी स्क्रू काढले. मनात आलं, पट्टी सरळ निघू दे. झाकण हातात आलं. शिक्का होता. पट्टी वाकलेली होती. त्यांनी ती निमूटपणे सगळ्यांना दाखवली.

"म्हणजे चोरी नाहीच," मानाजीराव म्हणाले. "मग हे काय?"

"सोमवारी रघुजींनी ग्रीस भरलं. ते पांढरं झालंय, त्यात वाळू आहे. म्हणजे सोमवारनंतर गाडी नदीतून गेली. तुम्ही इंदूरला, रघुजी हाटपिपल्याला. गाडी तिसऱ्याने नेली. त्याने पाण्याआधी चकत्या लॉक केल्या, बाहेर आल्यावर फ्री केल्या. पण उलट न घेता. डावी निघाली, उजवी अडली, म्हणून जोर केला. हे उलट घ्यायचं भावजींनी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. कुठलाही ड्रायव्हर ते विसरत नाही, असंही तेच म्हणाले."

"मग यशराज," अमन पुटपुटला.

"यशराज बटण शोधतोय. त्याला चकती आहे हेच माहीत नाही. तू मिस्त्री, तुला दोन्ही माहीत, आणि तुझ्या पकडीला दाते आहेत. हे काम अशा माणसाचं आहे ज्याला अर्धंच ठाऊक होतं. चकत्या फिरवायचं अर्धं. उलट घ्यायचं अर्धं नेहमी दुसरा करायचा, आणि तो करत असताना हा माणूस नदीवर पाय धूत असायचा."

मानाजीरावांनी हळूहळू मान वळवली.

"चकतीवरचे पोचे सांडशीचे आहेत," इरावतीबाई म्हणाल्या. "वाटेत चहा करायला स्टोव्ह नेला असेल. सांडशी कुठे राहिली, इंदिराबाई?"

इंदिराबाईंनी चटका बसलेलं बोट पदराने झाकलं.

"नदीवर," त्या म्हणाल्या. "वाळूत पडली. बुधवारी गेले होते बागला. बाई शोधायला. मला वाटलं, दर महिन्याला जातात, कुणीतरी असेलच. असती तर भांडले असते, मोकळी झाले असते. नदीपलीकडचा छपाईवाला म्हणाला, कोई औरत नहीं, माँजी. साब और रघुजी दिनभर बैठते हैं, हँस हँसके लोटपोट होते हैं." त्यांचा आवाज बदलला. "हसतात! घरात माझ्याशी दिवसाला चार शब्द. माझी जागा बाईने घेतली असती तर चाललं असतं. ती ह्या रघुजीने घेतली. मग त्याच्यावर आळ आला आणि मी गप्प बसले. खरं सांगू? मला बरं वाटलं."

चिंतामणराव हातातल्या पट्टीकडे बघत राहिले. त्या बाईला काय बरं वाटलं असेल, ते अंगणातल्या सगळ्यांत त्यांनाच नीट ठाऊक होतं. वहिनींकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मानाजीरावांनी खिशातून किल्ली काढली आणि रघुजीसमोर धरली. "रघुजी, माझी चूक झाली."

रघुजीने किल्ली घेतली नाही. "एका अटीवर, साहेब. पुढच्या महिन्यापासून बाईसाहेब डाव्या सीटवर. मी मागे बसतो. चिखल आला की मात्र मी उतरणार, त्यांनी उतरायचं नाही."

"मी उतरणार," इंदिराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण आधी उलट घ्यायला शिकवा."

मग त्याने किल्ली घेतली.

चिंतामणरावांनी पट्टी ठोकून सरळ केली, दोन्ही हब पेट्रोलने धुतली, नवं ग्रीस बेताने भरलं. रघुजीने गाडी फाटकापर्यंत नेली, दहा पावलं उलट आणली. आवाज नव्हता. मानाजीराव चिंतामणरावांना म्हणाले, "हात सोन्याचा आहे तुमचा." अडतीस वर्षांत असं ऐकायला ते किती आसुसले होते, ते आत्ता त्यांना कळलं.

परतीच्या वाटेवर चिंतामणरावांनी इंदूर मागे टाकलं. मग म्हणाले, "उलट घ्यायचं मी सांगितलं होतं."

"तुम्हीच सांगितलंत. तिथेही म्हटलं ना मी."

"म्हटलंत," चिंतामणराव म्हणाले. तो मोठेपणासुद्धा वहिनींच्याच नावावर जमा झाला होता, आणि तेही त्यांना बोचलं. पण देवासच्या वेशीवर त्यांनी गाडी थांबवली. "वहिनी, उजवं हब उघडताना मला वाटत होतं, पट्टी सरळ निघावी."

"ठाऊक आहे," इरावतीबाई म्हणाल्या. "म्हणून तुमच्याच हातून उघडवलं. मी चुकावं असं वाटणाऱ्याच्या हातात ती वाकडी निघाली, तर तिच्यावर शंका घ्यायला जागाच उरत नाही."

त्यानंतर रघुजीवर कुणी बोट ठेवलं नाही. पावणेचार वर्षं दर महिन्याला तिघं बागला जात राहिली. रघुजी १४ नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी धारला आपल्या घरी वारला. तेव्हा गाडीची किल्ली त्याच्याच खुंटीवर होती.