भार्गवची दुपारची झोप

जामनगरात दुपारची जेवणं उरकली की सगळा बाजार शटरं ओढून आडवा होतो. पण त्या दुपारी कुंजल आपल्या बांधणीच्या दुकानात जागी होती. वडिलांनी दुकान नुकतंच तिच्या हाती दिलं होतं आणि त्यांनी लावलेलं एकही कपाट तिला पसंत नव्हतं. दुपट्ट्यांच्या चळती उपसत ती बसली होती, तेवढ्यात मधल्या लाकडी भिंतीपलीकडून सुरू झालं... घोरणं!

"अगं बाई, माणूस आहे का कोण आहे!" ती फणकारली. पलीकडे कंसारांचं तांब्यापितळेचं दुकान. त्या आवाजानं तिथली टांगलेली भांडी किणकिणत होती. कुंजलनं कानांवर दुपट्टा गुंडाळला, भिंतीवर थापा मारल्या... उपयोग शून्य. आणि मग एकाएकी सगळं गप्प झालं. घोरणं नाही, श्वास नाही, काहीच नाही.

धावत जाऊन तिनं शेजारचं शटर वर ढकललं. गादीवर एक तरुण उताणा पडला होता. छाती धडपडत होती, पण नाकातोंडातून वारा म्हणून येत नव्हता. कुंजलनं हाताला लागला तो डाव उचलला आणि घंगाळावर दणादण हाणला.

बुडणारा माणूस वर यावा तसा मोठ्ठा श्वास घेत तो उठून बसला. "काय... आग लागली?"

"तुम्ही मेलात असं वाटलं मला!"

त्यानं डोळे चोळले, तिच्याकडे पाहिलं, आणि झोपाळू चेहऱ्यावर हसू आलं. "मग... वाईट वाटलं?"

"छे! शेजारी मढं पडलंय म्हटल्यावर माझ्याकडे गिऱ्हाईक येईल का?"

हा भार्गव. तराजूत हंडा ठेवून वजन बघता बघता पेंगणारा, आणि स्कूटरवर डुलकी लागून एकदा थेट म्हशीला धडकलेला. बाजार त्याला आळशी म्हणायचा आणि तो बिचारा ते खरं मानायचा. दुसऱ्या दिवशी चहा पिताना कुंजलनं त्याला बजावलं, "भार्गवभाई, झोपेत श्वास बंद पडतो तुमचा. डॉक्टरला दाखवा."

"कुंजलबेन, आमच्या घरात सगळेच घोरतात. दादाजी तर असे घोरायचे..."

"गेले कशानं ते?"

"झोपेतच गेले. पुण्यवान माणूस."

"पुण्यवान?" कुंजलनं रकाबी आदळली. "अहो, श्वास कोंडून गेले असतील ते! तुम्हालाही त्याच रांगेत उभं राहायचंय का?"

इतकं त्याच्यावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. तो निमूटपणे डॉक्टरकडे गेला. रात्रभर अंगाला वायरी चिकटवून तपासणी झाली आणि निदान झालं, स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो. डॉक्टरांनी उपाय सांगितला, झोपताना नाकावर मास्क आणि मास्कला हवा देणारं मशीन. रात्रीही लावायचं आणि दुपारच्या डुलकीलाही.

मशीन दुकानात आलं त्या दिवशी भार्गव रडवेला झाला. "ही हत्तीची सोंड लावून झोपू मी? अख्खा बाजार हसेल."

"आत्तापर्यंत काय टाळ्या वाजवत होता?"

पहिले दिवस वाईट गेले. हवा डोळ्यांत जायची, नाकावर वळ उठायचा, तोंडाला कोरड पडायची. झोपेतच तो मास्क ओरबाडून फेकून द्यायचा. कुंजल भिंतीपलीकडून पहारा द्यायची.

"लावला?"

"लावतोय..."

"पट्टा घट्ट केला?"

"तुम्ही येऊन करा ना."

"लाज नाही वाटत?" ती ओरडायची, आणि मग एकटीच कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायची.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून नुसती हलकी सूं... सूं... येत राहिली. कुंजल ऐकत बसली आणि कधी नव्हे ती स्वतःच चळतीवर डोकं टेकून झोपून गेली. जाग आली तेव्हा समोर भार्गव उभा होता. नाकावर वळ होता, पण डोळे... इतके लख्ख डोळे ह्या माणसाला आहेत?

"कुंजल, तुझ्या दुकानाची पाटी हिरवी आहे?"

"दहा वर्षं हिरवीच आहे."

"मला आज दिसली." तो एक पाऊल पुढं आला. "बरंच काही आज दिसतंय."

आमच्या बाजारात माणसं एकमेकांची डोकी फोडतानाही 'भाई' आणि 'बेन' म्हणतात. हा पठ्ठ्या नुसता 'कुंजल' म्हणाला! तिच्या हातातला दुपट्टा गळून पडला. त्यानं तो उचलून दिला, पण हात मात्र लगेच सोडला नाही.

आणि एवढं झाल्यावर ह्या माणसानं काय करावं? त्याच्या बानं, म्हणजे आई रसीलाबेननं, त्याच्यासाठी राजकोटची निराली पाहिली आणि हा गप्प बसला! त्यात भर म्हणजे सलग तीन दुपारी भिंतीपलीकडून पुन्हा तेच घोरणं आलं. कुंजल तरातरा गेली.

"मशीन कुठंय?"

"बानं ठेवून दिलंय. लग्न होईपर्यंत लावायचं नाही म्हणते. मुलीकडच्यांना कळलं तर मुलगा आजारी आहे म्हणतील."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"शपथ घातलीय तिनं... पण तू एवढी का चिडतेस?"

का चिडते! हे त्यानं विचारावं? पण रडेल ती कुंजल कसली. "त्या मुलीला फसवताय म्हणून चिडते. जा, झोपा, भार्गवभाई."

पुढच्याच आठवड्यात रसीलाबेन निराली आणि तिच्या मामीला घेऊन नवरीचं घरचोळं, लग्नात नेसायची बांधणी, निवडायला आल्या. तेही कुंजलच्याच दुकानात, भर दुपारी. राजकोटच्या पाहुण्यांना उन्हं उतरायच्या आत परतायचं होतं. भार्गवला त्यांनी त्याच्या दुकानात बसवून ठेवलं होतं.

कुंजलनं दात आवळून लालभडक घरचोळं पुढं टाकलं. बांधणी खरी की छापील हे दाखवायला गिऱ्हाइकासमोर गाठी सोडायच्या असतात. तिनं दोन टोकं धरून कापड ताणलं, टकटक गाठी सुटू लागल्या... आणि पलीकडून घोरणं सुरू झालं.

मामीनं कान टवकारले. "हे काय?"

"गिरणी!" रसीलाबेन घाईघाईनं म्हणाल्या. "शेजारी गिरणी आहे. हो ना गं, कुंजल?"

कुंजलनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात आवाज थांबला. तिच्या हातातलं कापड थांबलं. ती वाट बघत राहिली. पलीकडून काहीच येईना. "हवा गेली तुमच्या गिरणीची!" असं ओरडून घरचोळं तिथंच टाकून ती धावली.

सगळ्याजणी मागोमाग आल्या. भार्गव गादीवर पडला होता, ओठ निळसर पडले होते. कुंजलनं त्याला गदागदा हलवलं. हॅक् करून त्यानं श्वास ओढला. रसीलाबेननं मुलाला असं कधी पाहिलंच नव्हतं. त्या भिंतीला धरून मटकन खाली बसल्या.

"मासी, मशीन कुठं लपवलंत?"

रसीलाबेननं बोट वर केलं. माळ्यावर, सगळ्यांत मोठ्या हंड्यात.

निराली पुढे झाली. ती भार्गवला म्हणाली, "आजार आहे हे सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण तुमच्या घोरण्याला बानं गिरणी म्हटलं ना, तिथं मन उडालं माझं." तिनं कुंजलकडे पाहिलं. "आणि इथं माझी गरजही दिसत नाही." मामीचा हात धरून ती निघून गेली. रसीलाबेन डोळे पुसत, माफी मागत त्यांच्यामागे धावल्या.

कुंजलनं हंडा उतरवला, मशीन काढलं, मास्क त्याच्या नाकावर दाबला आणि बटण लावलं.

"माझं लग्न मोड..." भार्गव बोलायला गेला आणि सगळी हवा तोंडातून फुस्सकन बाहेर आली.

"तोंड मिटा! उघडलं की हवा वाया जाते, डॉक्टरांनी सांगितलंय ना? आता मी बोलणार आणि तू ऐकणार." ती गादीच्या कडेला बसली. "मोडलं, बरं झालं मोडलं! मूर्ख आहेस तू. का चिडतेस म्हणे! रोज दुपारी भिंतीला कान लावून तुझा श्वास ऐकत बसते मी. शेजारी म्हणून कुणी बसतं का असं? तुझा श्वास अडला की माझाही अडतो. एवढं साधं कळत नाही तुला?" आता मात्र तिचे डोळे वाहायला लागले आणि त्याचाही तिला राग आला. "आवडतोस तू मला, मेल्या! लग्न करायचंय मला तुझ्याशी, पण रोज मशीन लावणार असशील तरच. बोलू नकोस. नुसती मान हलव."

भार्गवनं मान इतक्या जोरात हलवली की पट्टा निसटून मास्क कानावर गेला.

"धड हो म्हणतासुद्धा येत नाही," कुंजल डोळे पुसत म्हणाली आणि पट्टा नीट बसवू लागली. त्याचा हात तिच्या हातावर होता, त्यामुळे तिला बराच वेळ लागला.