सहाच्या घंटेला सुटलेली रेस

"हा तुमचा चौथा फेरा आहे."

एथ्ना दचकली. आवाज वरून आला होता. बुकींच्या रांगेत एका निळ्या छत्रीखाली, लाकडी खोक्यावर उभा राहून एक तरुण तिच्याकडे बघत होता. पावसाची भुरभुर त्याच्या बाह्यांवर बसली होती आणि कपाळावरचे केस ओले होऊन चिकटले होते.

"तुम्ही मोजत होतात?" तिने विचारलं.

"धंदाच मोजायचा आहे, काय करणार. पहिल्या फेरीत बॉग कॉटनला माझ्याकडे एकाला सोळा भाव होता. तुम्ही बघितलंत, ओठ हलवलेत आणि पुढे गेलात. दुसऱ्या फेरीतही सोळा. आता चौदा झालाय. पाचव्या फेरीनंतर काय असेल ते मी सांगू शकत नाही."

"मी बॉग कॉटनच बघतेय हे कशावरून?"

"दुसरं नाव आलं की तुमची नजर घसरून खाली येते," तो म्हणाला. "त्या एकाच नावापाशी थांबते... बिचारी बाकीची घोडी."

एथ्नाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत तिला पाकीट आठवलं. कोटाच्या आतल्या खिशावर तिने पुन्हा हात ठेवला. पाकीट होतं. मिनिटापूर्वीही होतं, तरी हाताला काही राहवत नव्हतं.

पाकिटात तीनशे साठ युरो होते आणि त्यातला एकही तिचा नव्हता. ग्लेनबेगच्या चर्चमध्ये दर गुरुवारी जपमाळ म्हणणाऱ्या नऊ जणींनी प्रत्येकी चाळीस काढले होते. बॉग कॉटन ही त्यांच्याच गावची घोडी. टॅग मॉयनिहनच्या गवताच्या कोठारामागे वाढलेली, आणि नऊ जणींपैकी प्रत्येकीने आणि एथ्नानेही तिला कधी ना कधी सफरचंद भरवलेलं. ती जिंकली तर सप्टेंबरात नऊही जणी लूर्दला, मरियेच्या तीर्थयात्रेला जाणार होत्या. त्यातल्या सहा जणी आजवर कधी विमानात बसल्या नव्हत्या. फिलोमिना टूही त्र्याऐंशीच्या होत्या, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू, असं त्यांच्यापुढे कोणी म्हणत नसे.

आत्ता त्या नऊ जणी मैदानाच्या कडेला चहाच्या तंबूत बसल्या होत्या. गुडघे आणि चिखल यांचं जमत नाही. पैसे लावायला एथ्नाच जाईल, यावर कुणाचं दुमत नव्हतं. चर्चच्या किल्ल्या सात वर्षं तिच्याकडे होत्या आणि आजवर एक किल्ली इकडची तिकडे झाली नव्हती.

"पहिल्याच बुकीपुढे पाकीट उघडू नकोस," मिसेस टूहींनी बजावलं होतं. "सगळ्यांचे भाव बघ. भाव चढेल, उतरेल. घाई करू नकोस, पोरी."

म्हणून पोरीने घाई केली नव्हती. चार फेऱ्यांत भाव सोळाचा चौदा झाला होता आणि तिचे हात गार पडले होते.

"रेस दहा मिनिटांपूर्वीच सुटायला हवी होती ना?" तिने विचारलं.

"एका घोड्याचा नाल निघालाय. ठोकताहेत. तुमचं नशीब." तो थोडा वाकला. "मी लोर्कन. मॅलकीकाकांचा पुतण्या. हे मागे पाटीवर भाव लिहिताहेत ते काका. तुम्ही त्यांना आवडणार नाही, चार फेऱ्या मारणारं माणूस त्यांना आवडत नाही."

"आणि तुम्हाला?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि एथ्नाचे कान तापले. आपण असं बोलत नाही, तिने स्वतःलाच बजावलं. लोर्कन मात्र गंभीरपणे विचार केल्यासारखा क्षणभर थांबला.

"मी पाचव्याची वाट बघत होतो," तो म्हणाला.

तिने खाली बघितलं. बुटांभोवती लोकांनी फाडून टाकलेली तिकिटं ओल्या गवताला चिकटली होती. एवढ्या लोकांचं चुकलं... आपलं चुकणार नाही कशावरून? तेवढ्यात शेजारच्या बुकीने पाटीवरचा चौदा पुसून बारा लिहिला. माणशी सहाशेचं लूर्द तिच्या डोळ्यांसमोर पुसलं जात होतं.

"तुमच्याकडे अजून चौदाच आहे?"

"काका वळेपर्यंत आहे."

तिने पाकीट काढलं. घाईत कोटाचं बटण तुटून गवतात पडलं. पाकीट तिने वर धरलं, त्याने घ्यायला हात पुढे केला...

आणि घंटा वाजली.

इथलं, किलमोराचं चर्च मैदानाला अगदी खेटून आहे. पहिला ठोका डोक्यावरच पडल्यासारखा आला. संध्याकाळचे सहा. अँजेलसची, म्हणजे हातातलं काम थांबवून म्हणायच्या मरियेच्या प्रार्थनेची घंटा. तीन ठोके, प्रार्थना, पुन्हा तीन, पुन्हा प्रार्थना, आणखी तीन, आणि शेवटी संथ नऊ. दुपारी बाराची आणि संध्याकाळी सहाची अँजेलस एथ्नाने वयाच्या सातव्या वर्षापासून चुकवली नव्हती. तापात नाही, परीक्षेत नाही, वडिलांना पुरलं त्या दिवशीही नाही. तिने विचार केला नाही, कारण विचार करण्याजोगं त्यात काही नव्हतंच. पाकीट हातात तसंच राहिलं, मान खाली गेली, डोळे मिटले. नमो मरिये, कृपापूर्णे...

समोरचा हातही तिथेच थांबला. एवढं तिला मिटल्या डोळ्यांनीही कळलं. आसपास कुणीतरी टोपी काढली, कुणीतरी तशीच ओरडून बेट लावली. पावसाचे थेंब छत्रीवर टपटपत होते. शेवटच्या नऊ ठोक्यांत तिने बॉग कॉटनचं नावही हळूच प्रार्थनेत सरकवलं, आणि लगेच शरमली.

तिने क्रूसाची खूण केली, डोळे उघडले, आणि भोंग्यातून आवाज आला, "सुटले."

लोर्कनचा हात अजून पुढे होता. त्याने तो सावकाश मागे घेतला.

"आता नाही घेता येणार," तो अगदी हळू म्हणाला. "रेस सुटली की नाही घेता येत."

एथ्नाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

पुढची चार मिनिटं तिने आयुष्यात कधी केली नव्हती अशी प्रार्थना केली. घोडी हरू दे. पडू नको देऊस, कुणाला लागू नको देऊस, फक्त हरू दे. चौथी, पाचवी, कितवीही येऊ दे, म्हणजे मी पैसे परत नेईन आणि कुणाचं काही जाणार नाही. जिला स्वतः सफरचंद भरवलं तिच्या पराभवासाठी देवाला गळ घालणारी बाई तिने आजवर पाहिली नव्हती. आता ती स्वतःच ती बाई होती. लोर्कन खोक्यावरून उतरून तिच्या शेजारी उभा राहिला होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

शेवटच्या अडथळ्यावरून दोन घोडी एकत्र उडाली. भोंग्यातला माणूस श्वास न घेता बोलत सुटला. बॉग कॉटन... बॉग कॉटन... मग गर्दीच्या आवाजात सगळं बुडालं. निकालासाठी फोटो मागवला, असं कुणीतरी म्हणालं. एथ्नाने पाकीट छातीशी धरलं. एक मिनिट गेलं. दीड गेलं.

"पहिला क्रमांक, सात नंबर. बॉग कॉटन."

चहाच्या तंबूतून गाणं उठलं. नऊ म्हाताऱ्या आवाजांतलं, सूर सोडून, पण काय आनंदाचं.

"काका," लोर्कन अचानक मोठ्याने म्हणाला. "या बाईंची बेट लागली होती. बॉग कॉटन, तीनशे साठ, चौदाच्या भावाने."

एथ्नाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

मॅलकी हातातला खडू खिशात टाकून वळला. जाडजूड माणूस, भिवयांवर पाणी साचलेलं. "तिकीट?"

"छापायचं राहिलं. घंटा वाजली."

"तू बेट मोठ्याने उच्चारलीस? उच्चारली असलीस तर ती लागली. मी तिकिटाला विचारत नाही, शब्दाला विचारतो. तीस वर्षं शब्दावर धंदा केलाय." त्याने पुतण्याकडे पाहिलं, मग एथ्नाकडे. "बाई, तुम्ही सांगा. याने बेट उच्चारली होती?"

तंबूतलं गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं होतं. त्यात मिसेस टूहींचा आवाज सगळ्यांच्या अर्धा सूर वर. एक 'हो' म्हटलं तर नऊ जणी विमानात. फक्त एक अक्षर. एथ्नाने ओठ उघडले.

"नाही... घंटा आधी झाली."

मॅलकीने टोपीला हात लावला आणि पाटीकडे वळला. पैसे वाचल्याचा आनंद त्याच्या पाठीवर काही दिसला नाही.

एथ्ना तंबूकडे चालू लागली. मागून चिखलात धावण्याचा आवाज आला.

"मी पण येतो," लोर्कन म्हणाला. "पुढच्या रेसला वीस मिनिटं आहेत."

"कशाला? तुमचं काय काम?"

"एक सांगायचंय. ते त्यांनाही ऐकायला हवं."

"आणखी काही उरलंय सांगायचं?"

तो नुसता तंबूकडे चालू लागला, आणि त्यामुळे ती जास्तच घाबरली.

तंबूत नऊ चेहरे एकदम वळले. एथ्नाने एका दमात सांगून टाकलं. भाव, फेरे, पाकीट, घंटा. सांगून झाल्यावर तिने पाकीट टेबलावर ठेवलं. गाणं तर कधीच थांबलं होतं. कोपऱ्यातली चहाची टाकी तेवढी खदखदत होती.

"माझे दात..." ब्रायडी केसी पुटपुटली. "लूर्दला जाण्याआधी मी नवे दात बसवणार होते."

मिसेस टूहींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "देव थांबला असता गं, पोरी," त्या म्हणाल्या. "तो आपल्यासाठी काय कमी थांबलाय? घोडी थांबत नाही."

एथ्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"चूक तिची नाही," लोर्कन म्हणाला.

"हा कोण?" मिसेस टूहींनी विचारलं.

"बुकी," एथ्ना म्हणाली.

"बुकी अँजेलसला थांबला?" ब्रायडीने विचारलं.

"नाही थांबलो. म्हणजे... तेच सांगायला आलोय." त्याने ओली टोपी दोन्ही हातांत धरली. "खोक्यावरून मला सुटायची जागा दिसते. नाल ठोकून झाला होता, घोडे रांगेत आले होते. रेस सोडणारा झेंडेवाला शिडीवर चढताना मी पाहिला. दुसऱ्या तीन ठोक्यांनाच पाहिला. मी नुसतं पाकीट ओढून घेतलं असतं आणि बेट उच्चारली असती, तरी झालं असतं. तिला डोळेसुद्धा उघडावे लागले नसते."

"मग?"

"नाही घेतलं."

"का नाही घेतलंस?" हे एथ्नाने विचारलं होतं. बोलण्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाच कळलं नाही. "तुला दिसत होतं? तुला दिसत होतं आणि तू गप्प बसलास?"

"हो."

"का?"

लोर्कनने तंबूच्या छताकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. शेवटी तिच्याकडे पाहिलं. "पैसे घेतले असते तर तू तिकीट घेऊन गेली असतीस," तो म्हणाला. "तू डोळे मिटून उभी होतीस. तुझ्या पापणीवर पावसाचा एक थेंब होता, तो पडत नव्हता... एवढ्या गोंधळात माणूस इतकं शांत उभं राहू शकतं, हे मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, अजून एक ठोका. अजून एक. आणि मग झेंडा पडला."

बाहेर घोड्यांची खोगिरं उतरवल्याचे आवाज येत होते. एथ्नाला प्रचंड राग आला होता. नऊ जणींचं लूर्द एका थेंबापायी गेलं होतं. पण त्या रागाखाली काहीतरी ऊबदार सरकत होतं, आणि त्याचा तिला आणखी राग येत होता.

"म्हणजे पाच हजार युरोचं बघणं झालं," मिसेस टूही म्हणाल्या.

"हो."

"कसं वाटलं?"

"तुमचं गेलं, म्हणून लाज वाटते," लोर्कन म्हणाला. "फक्त माझं गेलं असतं तर... स्वस्तात पडलं म्हटलं असतं."

ब्रायडीने तोंडावर रुमाल धरला. तिचे खांदे हलत होते. मग शेजारचीचे, मग पलीकडचीचे. हसू टेबलाभोवती फिरत मिसेस टूहींपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाकीट उघडलं, आपल्या दोन नोटा काढून पर्समध्ये ठेवल्या आणि पाकीट पुढे सरकवलं.

"लूर्द कुठे जात नाही," त्या म्हणाल्या. "मी तोवर असेन की नाही, तेवढंच बघायचं. नसले तर माझ्या नावाने एक मेणबत्ती लावा, मोठी लावा." मग त्यांनी लोर्कनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लग्न झालंय तुझं?"

"नाही."

"खोटं बोलतोस का कधी?"

"आज एकदा बोललो. काकांशी." त्याने एथ्नाकडे मान हलवली. "हिने चालू दिलं नाही."

"हं," मिसेस टूही म्हणाल्या. "ब्रायडी, त्याला चहा ओत. थरथरतोय बघ."

चहा आला. कप हातात घेऊन लोर्कन उभाच राहिला, कारण बसायला जागा नव्हती. बाकांवर नऊ जणी, त्यांच्या पिशव्या, छत्र्या, सँडविचचे डबे. दहाव्या जागी एथ्ना, पाठ ताठ आणि नजर टेबलावर. सगळ्या जणी एकदम आपापल्या कपात बघू लागल्या, जणू चहात काही पडलं होतं.

एथ्नाने एक छत्री उचलून खाली ठेवली. थोडा वेळ गेला. मग ती बाकावर वीतभर सरकली.

"माझा राग गेलेला नाही," ती टेबलाकडे बघतच म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि अगदी जपून, कप न सांडता, तिच्या शेजारी बसला.