तुळसाबाईंचा शिरिंडल

कपाट उघडं होतं, कुलूप शाबूत होतं, डबा रिकामा होता. सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली होती. तुळसाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. यंदाच्या पालखीला ही माळ मानपाड्याच्या गावदेवीच्या गळ्यात घालायचा त्यांचा नवस होता.

उपनिरीक्षक संचिताने टोपी काढून टेबलावर ठेवली. आठवड्यातली ही कितवी चोरी, हे मोजणं तिने सोडून दिलं होतं.

घडलं ते सरळ होतं. दुपारी गेटवरच्या केबिनमध्ये फोन आला. गॅस एजन्सीचा माणूस म्हणाला, तुळसाबाईंच्या मजल्यावर गळती आहे. सगळे खाली उतरा, वास जायला दारं उघडी ठेवा. वॉचमन त्र्यंबकने मजला रिकामा केला. माणसं गेटपाशी जमली, मागचा जिना मोकळा राहिला.

चोर कोण, हे सोसायटीने ठरवूनही टाकलं होतं. गॅस पोचवणारा दगडू तेव्हा मागच्या इमारतीत होता. त्याला केबिनमध्ये डांबलं होतं आणि एजन्सीने उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलंही होतं.

"आवाज कसा होता?" संचिताने खाली केबिनमध्ये येऊन त्र्यंबकला विचारलं.

"घोगरा, म्हाताऱ्यासारखा. अडाणीच असणार, मॅडम. सिलेंडरला शिरिंडल म्हणत होता. मला तर हसूच आलेलं."

"दगडूचा आवाज होता?"

"असेल. अडाणी तर हा पण आहे."

संचिता कोपऱ्यात बसलेल्या दगडूकडे वळली.

"खांद्यावर काय वाहतोस रे?" तिने विचारलं.

"गॅसचा बाटला."

"गळत असला तर फोनवर काय सांगशील?"

"बाटला गळतोय म्हणेन. दुसरं काय सांगणार, मॅडम?"

ती जिना चढून परत वर आली. तुळसाबाईंचा नातू नयन नौपाड्याच्या ऑफिसातून स्कूटरने आला होता. आई-बाप गेल्यावर आजीनेच त्याला वाढवलं होतं. तो आजीचा हात धरून बसला होता. बोलणं स्वच्छ, इंग्रजी शाळेतलं. त्या माणसाला सोडू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "माझ्या आईची तेवढीच वस्तू उरली होती. आजी, निघताना सिलिंडर तरी बंद केलेलास ना?"

"केला रं," तुळसाबाई म्हणाल्या. "आधी शिरिंडल बंद केला, मंग दार उघडा टाकला."

संचिताचं पेन थांबलं.

"आजी, तुमच्या गावात सगळे असंच म्हणतात?"

"नाय गो. सगली शिलेंडर म्हणतात. मीच वाकडी. ह्यो ल्हान व्हता तवा माज्यासारखाच बोलायचा. शालेत पोरां हसली, मंग सोडला त्यानं."

नयनने आजीचा हात सोडला.

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"देव्हाऱ्यात."

संचिता खुर्चीवर बसली. तिचे पाय दुखत होते. ती नयनकडे बघून सावकाश बोलू लागली.

"कपाट फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीची जागा चोराला ठाऊक होती. त्याला फोनवर आवाज लपवायचा होता. त्यासाठी अडाणी माणसाची बोली हवी होती. दगडूची बोली तुला येत नव्हती, कारण त्याच्याशी तू कधी दोन शब्द बोललाच नाहीस. तुझ्या कानात घरातलीच एक होती. ती तोंडात आली, शिरिंडलसकट." तिने हात पुढे केला. "स्कूटरची डिकी मी उघडू, की तू उघडतोस?"

नयनने स्कूटरची किल्ली तिच्या हातावर ठेवली. म्हणाला, "नवस तिचा होता. माळ आईची होती."

"मना सांगला असतास त दिली असती ना रं," तुळसाबाई म्हणाल्या. मग संचिताकडे वळल्या. "बाय, मीच त्याला पकडून दिला का?"

"नाही, आजी. पकडून त्याने दगडूला दिलं होतं."

खाली आल्यावर तिने आधी एजन्सीला फोन लावून दगडूला कामावर ठेवायला सांगितलं आणि मग केबिनचं दार उघडलं. मागच्या इमारतीत अर्धवट टाकून आलेला बाटला पोचवायला दगडू निघून गेला.